एकाच रिसेप्टरचे उंदीर : टी पेशीचे भवितव्य कशावर ठरते?

टी पेशी ही शरीराच्या प्रतिकारशक्तीतील एक पांढरी पेशी; तिची सारी ओळख तिच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे लक्ष्य ओळखणाऱ्या प्रथिनात असते. एका पेशीच्या पृष्ठभागावर या रिसेप्टरच्या हजारो प्रती असतात आणि त्या सगळ्या एकसारख्या असतात; शेजारच्या पेशीवरचा रिसेप्टर मात्र बहुधा वेगळाच असतो. हा रिसेप्टर अख्खा विषाणू किंवा अख्खे प्रथिन ओळखत नाही. पेशीच्या आत प्रथिनांचे तुकडे होतात, त्यांतील काही छोटे तुकडे म्हणजे पेप्टाइड एमएचसी नावाच्या प्रथिनाच्या खोबणीत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि टी पेशीचा रिसेप्टर पेप्टाइड व एमएचसी या दोघांना मिळून एकत्र ओळखतो. ही दुहेरी ओळख रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे उंदरांवरील प्रयोगांतून दाखवली आणि त्याबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुतेक टी पेशींचा रिसेप्टर अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्यांची जनुके जन्मतः तयार नसतात. टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीत वाढत असताना रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने जनुकांचे निरनिराळे तुकडे कापतात, मग ते नव्याने जोडले जातात आणि जोडाच्या ठिकाणी डीएनएची काही अक्षरे वाढतात किंवा गळतात. त्यामुळे एका उंदराच्या प्लीहेतच सुमारे २० लाख वेगवेगळे रिसेप्टर आढळतात. या विविधतेमुळेच कधीही न पाहिलेल्या विषाणूलाही शरीर तोंड देऊ शकते. पण अभ्यासकाची अडचणही याच विविधतेने केली होती. एखाद्या ठरावीक पेप्टाइडला ओळखणाऱ्या टी पेशी संसर्गापूर्वी एका उंदरात दहा-वीस ते काही शेकडे इतक्याच असतात. कोट्यवधी पेशींच्या गर्दीत त्या वीस-पंचवीस पेशी थायमसमध्ये कधी जन्मल्या, कोणत्या टप्प्यावर तगल्या आणि कोणत्या टप्प्यावर मेल्या, हे पाहण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

१९८४ मध्ये रिसेप्टरची जनुके हाती आली आणि हा मार्ग उघडला. फलित अंड्याच्या केंद्रकात बाहेरचे डीएनए सुईने सोडून त्यापासून उंदीर वाढवण्याचे तंत्र तोपर्यंत काही वर्षांचे झाले होते. संशोधकांनी या दोन गोष्टी एकत्र आणल्या. ज्या टी पेशीचे लक्ष्य नेमके माहीत आहे अशा एका पेशीतून तिच्या अल्फा आणि बीटा साखळ्यांची आधीच जुळलेली जनुके काढायची, ती फलित अंड्यात घालायची आणि जन्मलेल्या उंदराच्या टी पेशी तपासायच्या. अशा उंदराच्या बहुसंख्य टी पेशींवर तोच एक रिसेप्टर दिसतो. त्यांना टीसीआर-ट्रान्सजेनिक उंदीर म्हणतात (टीसीआर म्हणजे टी पेशीचा रिसेप्टर, ट्रान्सजेनिक म्हणजे बाहेरचे जनुक घातलेला).

उंदराची स्वतःची रिसेप्टर-जनुकेही शाबूत असतात, मग ती का जुळत नाहीत, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. एक बीटा साखळी यशस्वीपणे तयार झाली, की पेशी दुसऱ्या बीटा जनुकाची जुळणी थांबवते. बाहेरून दिलेली बीटा साखळी हेच काम आयतेच करते, त्यामुळे उंदराची स्वतःची बीटा जनुके न जुळलेल्या अवस्थेतच राहतात. हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. अल्फा साखळीच्या बाबतीत मात्र हा बंदोबस्त ढिला असतो. बाहेरची अल्फा असतानाही पेशी स्वतःची अल्फा जुळवत राहते आणि काही पेशींवर दोन प्रकारचे रिसेप्टर येतात. ही गोष्ट पहिल्या वाचनात किरकोळ वाटते, परंतु पुढे दिसेल त्याप्रमाणे अनेक प्रयोगांचे निष्कर्ष याच गळतीवर फिरले आहेत. शंभर टक्के एकच रिसेप्टर हवा असेल, तर या उंदरांचा संकर रॅग जनुक नसलेल्या उंदरांशी करावा लागतो.

या क्षेत्रातला सर्वांत बोलका प्रयोग मला अजूनही १९८८ चाच वाटतो. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या इम्युनॉलॉजी संस्थेतील हाराल्ड फॉन बोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचवाय नावाच्या प्रतिजनाला, म्हणजे टी पेशीचे लक्ष्य ठरणाऱ्या पदार्थाला, ओळखणारा रिसेप्टर निवडला. हा प्रतिजन वाय गुणसूत्रावरील जनुकातून येतो, म्हणजे तो नर उंदराच्या पेशींवर असतो आणि मादीच्या पेशींवर नसतो. एकाच वेताच्या भावंडांत तोच रिसेप्टर नरासाठी स्वतःच्याच शरीरावर उठणारा ठरतो आणि मादीसाठी निरुपद्रवी. प्रयोगाची ही मांडणीच इतकी नेटकी आहे, की तुलनेसाठी वेगळा उंदीर शोधण्याची गरजच उरत नाही. मादीच्या थायमसमध्ये हा रिसेप्टर असलेल्या पेशी व्यवस्थित वाढल्या आणि प्रौढ सीडी८ पेशी, म्हणजे मारक टी पेशी, म्हणून बाहेर पडल्या. नराचा थायमस मात्र बराच लहान राहिला, कारण सीडी४ आणि सीडी८ ही दोन्ही प्रथिने अंगावर असलेल्या अपक्व अवस्थेतच त्या पेशी मरून गेल्या होत्या. स्वतःवर उठणाऱ्या पेशींचा थायमसमध्येच नाश होतो, ही कल्पना त्याआधी मांडली गेली होती आणि १९८७ मध्ये कॅपलर आणि मॅरक या संशोधकांनी सामान्य उंदरांत तिचा भक्कम पुरावाही दिला होता. आता मात्र एकाच ओळखीच्या पेशी कोणत्या टप्प्यावर नाहीशा होतात, हे थेट पाहता येऊ लागले.

त्याच उंदराने दुसरी, काहीशी अनपेक्षित गोष्टही दाखवली. मादीत घातक प्रतिजन नसतानाही पेशी आपोआप तगत नव्हत्या. ज्या एमएचसी प्रकाराच्या साथीने हा रिसेप्टर आपले पेप्टाइड ओळखतो, तोच प्रकार मादीच्या थायमसमध्ये असेल, तरच पेशी परिपक्व होत; एमएचसी वेगळा असेल, तर त्या अर्धवट अवस्थेतच संपून जात. म्हणजे थायमसमध्ये टी पेशीला दोन कसोट्यांतून जावे लागते. स्वतःच्या एमएचसीला रिसेप्टरने जरासा तरी प्रतिसाद द्यावा लागतो, नाहीतर पेशी निरुपयोगी म्हणून मरते. आणि तो प्रतिसाद फार तीव्रही चालत नाही, नाहीतर ती घातक म्हणून मारली जाते. शिवाय एमएचसीच्या कोणत्या वर्गाशी रिसेप्टरचे जमते, त्यावरून ती पेशी मारक सीडी८ होणार की मदतनीस सीडी४ होणार, हेही ठरते. जनुकांत काहीही नवे न घडता, केवळ एका रिसेप्टरच्या बळावर पेशीचे जगणे, मरणे आणि व्यवसाय हे तिन्ही ठरतात, हे या उंदरांमुळे निर्विवाद झाले.

तरीही या पहिल्या प्रयोगाच्या एका तपशिलात पुढे दुरुस्ती करावी लागली. निसर्गात बीटा साखळी आधी तयार होते आणि अल्फा साखळी नंतरच्या टप्प्यावर जुळते. ट्रान्सजेनिक उंदरात दोन्ही साखळ्या सुरुवातीपासून तयार असल्यामुळे पेशीवर पूर्ण रिसेप्टर वेळेआधीच दिसू लागतो. २००५ मध्ये एचवाय रिसेप्टरची अल्फा साखळी योग्य वेळीच प्रकट होईल अशी व्यवस्था केलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा नरातील पेशींचा नाश मूळ उंदरातल्यापेक्षा उशिराच्या टप्प्यावर होतो असे आढळले. नाश होतो हा निष्कर्ष टिकला, नाश केव्हा होतो हा निष्कर्ष बदलला. कृत्रिम रिसेप्टरच्या कोणत्याही उंदराविषयी वाचताना तो रिसेप्टर कोणत्या क्षणी पेशीवर येतो, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा.

नंतरच्या काळात असे अनेक उंदीर तयार झाले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते रोजच्या वापराचे झाले. कोंबडीच्या अंड्यातील ओव्हाल्ब्युमिन या प्रथिनाचे आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड ओळखणारा ओटी-वन हा १९९४ मधील उंदीर सीडी८ पेशींच्या अभ्यासासाठी, तर त्याच प्रथिनाचा दुसरा तुकडा ओळखणारा ओटी-टू सीडी४ पेशींसाठी वापरला जातो. एलसीएमव्ही या विषाणूविरुद्धचा रिसेप्टर पी-१४ या उंदरात आहे. ओटी-वनच्या पहिल्याच शोधनिबंधातील निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. जे पेप्टाइड प्रौढ पेशीला उत्तेजित करण्याऐवजी रोखते, तेच पेप्टाइड थायमसमधील अपक्व पेशीला जगण्याचा संकेत देते. रिसेप्टर तोच आणि पेप्टाइडही तेच, परंतु पेशीच्या वयानुसार संदेशाचा अर्थ पालटतो.

स्वतःवर उठणारी प्रत्येक पेशी थायमसमध्ये मरते, असेही नाही. १९९१ मध्ये पी-१४ उंदराचा संकर एका वेगळ्या उंदराशी करण्यात आला, ज्याच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर एलसीएमव्हीचेच प्रथिन तयार होत होते. या संकरित उंदराच्या रक्तात त्या प्रथिनाला ओळखणाऱ्या टी पेशी मुबलक होत्या, त्या मेलेल्या नव्हत्या, निकामीही नव्हत्या, आणि तरी उंदराला मधुमेह होत नव्हता. टी पेशी आणि तिचे लक्ष्य एकाच शरीरात असूनही त्यांची गाठ पडत नव्हती. मात्र त्या उंदराला एलसीएमव्हीचा संसर्ग करताच टी पेशी जाग्या झाल्या, स्वादुपिंडात शिरल्या आणि थोड्याच दिवसांत मधुमेह झाला. रिसेप्टर धोकादायक आहे की नाही, हे केवळ त्याच्या रचनेवरून सांगता येत नाही. त्याचे लक्ष्य कोठे आहे आणि त्या पेशीला जागे करणारा प्रसंग घडला आहे का, हेही पाहावे लागते.

मज्जारज्जू आणि मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाच्या प्रथिनाविरुद्धचा रिसेप्टर दिलेल्या उंदरांनी हे चित्र आणखी गुंतागुंतीचे केले. १९९३ मध्ये तयार झालेल्या अशा उंदरांना मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार आपोआप होत असे, पण तो स्वच्छ, जंतुनियंत्रित पिंजऱ्यांत वाढलेल्यांपेक्षा साध्या पिंजऱ्यांत वाढलेल्यांमध्ये जास्त दिसला. पुढच्याच वर्षी आणखी एका गटाने तशाच रिसेप्टरच्या उंदरांचा संकर रॅग जनुक नसलेल्या उंदरांशी केला. रॅग शाबूत असताना काही थोड्याच उंदरांना आजार होत होता. रॅग काढून टाकल्यावर सगळ्याच उंदरांना झाला. वास्तविक रॅग काढल्याने आजार घडवणाऱ्या पेशींत नवे काहीच आले नव्हते. जे गेले होते, त्यांत महत्त्वाच्या ठरल्या त्या अल्फा साखळीच्या गळतीमुळे तयार होणाऱ्या इतर रिसेप्टरच्या मोजक्या टी पेशी. सामान्य उंदराच्या थोड्याशा सीडी४ पेशी वेळेवर दिल्या, की आजार टळत होता. इतर टी पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींचे महत्त्व अधोरेखित करणाऱ्या पुराव्यांपैकी हा एक ठळक पुरावा आहे.

नियामक पेशींविषयी या तंत्राने बराच काळ दिशाभूलही केली होती. नियामक पेशीतून रिसेप्टर काढून त्याचा ट्रान्सजेनिक उंदीर केला, तर नियामक पेशी भरपूर मिळतील, अशी अपेक्षा होती, परंतु तशा पेशी जवळपास मिळतच नव्हत्या. कारण २००९ मध्ये उलगडले. नियामक पेशी घडण्यासाठी थायमसमध्ये ठरावीक पेप्टाइडची जागा फार थोडी असते आणि एकच रिसेप्टर असलेल्या लाखो पेशी तिच्यासाठी आपापसांत झगडल्या, तर जवळजवळ कोणालाच पुरेसा संकेत मिळत नाही. तोच रिसेप्टर थायमसमधील अगदी थोड्या पेशींना दिला, तेव्हा त्यांतील बऱ्याच मोठ्या हिश्शाने नियामक पेशींची वाट धरली.

संख्येचा हा प्रश्न थायमसबाहेरही तितकाच गंभीर आहे. निसर्गात ज्या पेशी जेमतेम दहा-वीस ते काही शेकडे असतात, त्यांच्या जागी प्रयोगात दहा लाख ओटी-वन पेशी एका उंदराला टोचण्याची पद्धत बरीच वर्षे सर्रास होती. एवढ्या पेशी प्रतिजनासाठी आणि वाढीच्या संकेतांसाठी परस्परांशी स्पर्धा करतात, प्रत्येक पेशी कमी वेळा विभागते आणि पुढे तयार होणाऱ्या स्मृतिपेशींचा प्रकारही बदलतो. हे लक्षात आल्यानंतर जाणकार संशोधक काही शेकडा किंवा काही हजार पेशीच टोचू लागले आहेत. जुने निबंध वाचताना किती पेशी टोचल्या होत्या, हा आकडा निबंधाच्या कार्यपद्धतीच्या विभागातून शोधून पाहण्याची सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला आवर्जून लावून घ्यायला सांगेन.

आतापर्यंत रिसेप्टर काय ओळखतो, त्यातला बदल पाहिला. तो ओळखल्यानंतर आत काय कळवतो, हेही बदलता येते. अल्फा आणि बीटा साखळ्यांना स्वतःची अशी संदेश देणारी शेपटी जवळजवळ नसते. ते काम त्यांना चिकटलेली सीडी३ गटातील प्रथिने करतात. त्यांच्या शेपट्यांवर आयटॅम नावाचे छोटे क्रम असतात आणि एका पूर्ण रिसेप्टर संकुलात असे एकूण दहा क्रम असतात. दहाच का, एकदोन पुरणार नाहीत का, याचे उत्तर शोधण्यासाठी २००८ मध्ये कार्यक्षम आयटॅमची संख्या पायरीपायरीने कमी केलेले उंदीर अभ्यासण्यात आले. संख्या बरीच घटवल्यावर प्रतिकारशक्ती नुसती दुबळी होईल, असा अंदाज कोणीही केला असता. प्रत्यक्षात त्या उंदरांना अनेक अवयवांचा जीवघेणा ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठण्याचा आजार, झाला. संकेत क्षीण झाल्यामुळे थायमसमध्ये घातक पेशी ओळखून त्यांना मारण्याची कसोटीच कमकुवत पडली होती आणि तशा पेशी बाहेर निसटल्या होत्या. बाहेर आल्यावर सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना संदेश देणारी प्रथिने, स्रवण्यासाठी त्यांना थोडे आयटॅमही पुरत होते. जोमाने विभागण्यासाठी मात्र जास्त लागत होते. संदेशाची ताकद एकाच बटणावर कमी-जास्त होत नाही, निरनिराळ्या कामांसाठी तिची निरनिराळी पातळी लागते, हा या प्रयोगाचा गाभा आहे.

याच्या उलट दिशेचा प्रयोग म्हणजे रिसेप्टरची पकड वाढवणे. नैसर्गिक रिसेप्टर आपल्या पेप्टाइडला तसा सैलच धरतो. प्रतिपिंडांच्या तुलनेत ही पकड कितीतरी पटींनी कमी असते. प्रयोगशाळेत मोजकी अमिनो आम्ले बदलून ती हजारो पटींनीही वाढवता येते. कर्करोगाच्या पेशींवर लक्ष्य-पेप्टाइड विरळ असतात, तेव्हा घट्ट पकड उपयोगी पडेल असे वाटणे साहजिक आहे, आणि काही मर्यादेपर्यंत ते खरेही आहे. मात्र त्या मर्यादेपलीकडे फायदा थांबतो आणि नुकसान सुरू होते. सैल पकडीमुळे एकच पेप्टाइड एकामागून एक अनेक रिसेप्टरना चेतवू शकते. पकड फार घट्ट झाली, की ते एकाच रिसेप्टरशी अडकून बसते. शिवाय घट्ट पकडीचा रिसेप्टर मूळ लक्ष्याशी साधर्म्य असलेल्या शरीराच्या स्वतःच्या पेप्टाइडलाही धरू लागतो. अशा रिसेप्टरच्या पेशी थायमसमध्ये वाढू दिल्या असत्या, तर त्यांतील कित्येक तेथेच मारल्या गेल्या असत्या. पण उपचारासाठी जनुक प्रौढ पेशीत घातले जाते आणि तेथे ती कसोटी कधी होतच नाही.

हा मुद्दा माणसांच्या बाबतीत किती जीवघेणा ठरू शकतो, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखवले. मेज-ए३ या कर्करोग-प्रतिजनाविरुद्धचा, पकड वाढवलेला रिसेप्टर टी पेशींत घालून त्या दोन रुग्णांना देण्यात आल्या. काही दिवसांतच दोघेही हृदय निकामी होऊन दगावले. त्या रिसेप्टरने टायटिन या स्नायूतील प्रथिनाचे वेगळेच पेप्टाइड ओळखले होते आणि ते हृदयाच्या पेशींवर होते. आधीच्या चाचण्यांत हे कळले नव्हते, कारण साध्या पेशीसंवर्धनात टायटिन नसते. मूलपेशींपासून वाढवलेल्या, प्रत्यक्ष स्पंदन पावणाऱ्या हृदयपेशी वापरल्या, तेव्हाच धोका दिसून आला. त्याच वर्षी मेज-ए३ विरुद्धच्याच दुसऱ्या रिसेप्टरच्या चाचणीत ९ पैकी ३ रुग्णांच्या मेंदूवर परिणाम झाला आणि त्यांतील दोघे दगावले. तो रिसेप्टर मानवी एमएचसी असलेल्या ट्रान्सजेनिक उंदरांतून मिळवलेला होता आणि त्याने मेंदूतील मेज-ए१२ या जवळच्या प्रथिनाला ओळखल्याचे आढळले. उंदराच्या थायमसने तो रिसेप्टर सुरक्षित ठरवला होता, परंतु ती सुरक्षितता उंदराच्या प्रथिनांपुरती होती.

आणखी एक धोका मात्र उंदरांनी वेळीच दाखवून दिला. प्रौढ टी पेशीत नवा रिसेप्टर घातला, की तिच्यात दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या होतात आणि त्यांच्या चार जोड्या जुळू शकतात. त्यांतील दोन जोड्या पूर्णपणे नव्या असतात आणि त्या काय ओळखतील, हे कोणालाच ठाऊक नसते. २०१० मध्ये ॲम्स्टरडॅममधील गटाने दाखवले, की उंदरांत अशा चुकीच्या जोड्यांमुळे प्राणघातक आजार होऊ शकतो. त्यानंतर नव्या साखळ्यांत एक जादा सल्फर-बंध घालून त्या एकमेकींशीच जुळाव्यात अशी सोय केली जाऊ लागली. साखळ्यांचा स्थिर, म्हणजे सर्व रिसेप्टरमध्ये सारखाच असणारा, भाग उंदराचा वापरणे हाही तसाच उपाय आहे. आणि जनुके कापण्याच्या क्रिस्पर तंत्राने पेशीची मूळ रिसेप्टर-जनुकेच काढून टाकण्याचा मार्गही रुग्णांत वापरून पाहण्यात आला आहे.

उंदराच्या थायमसची मर्यादा माहीत असेल, तर तिचा उपयोगही करून घेता येतो. बर्लिनमधील संशोधकांनी २०१० मध्ये असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात उंदराची स्वतःची रिसेप्टर-जनुके निकामी केलेली आहेत आणि त्यांच्या जागी मानवी अल्फा व बीटा जनुकांचे संपूर्ण पट्टे, सोबत एक मानवी एमएचसी आहे. या उंदरांना एकच ठरलेला रिसेप्टर मिळत नाही. ते मानवी रिसेप्टरची विविधता स्वतःच घडवतात. माणसाच्या थायमसमध्ये कर्करोग-प्रतिजनाला घट्ट धरणाऱ्या पेशी बहुधा मारल्या गेलेल्या असतात, कारण ते प्रतिजन शरीराचेच असतात. उंदरासाठी मात्र माणसाचे ते प्रथिन परके असते, म्हणून त्याला चांगले ओळखणारे रिसेप्टर तेथे तगून राहतात आणि लस दिल्यावर वेचून घेता येतात. असे वेचलेले रिसेप्टर रुग्णापर्यंत नेण्याआधी आता लक्ष्य-पेप्टाइडमधील प्रत्येक अमिनो आम्ल एकेक करून बदलून पाहिले जाते, कोणत्या बदलानंतरही ओळख टिकते हे नोंदले जाते आणि त्या नमुन्याशी जुळणारी पेप्टाइड मानवी प्रथिनांच्या संपूर्ण यादीत शोधली जातात. पकड सुधारलेल्या रिसेप्टरवर आधारलेला, मेज-ए४ विरुद्धचा पहिला पेशी-उपचार अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगासाठी मान्य केला. तो ठरावीक एमएचसी प्रकार असलेल्या आणि गाठीत मेज-ए४ आढळलेल्या प्रौढ रुग्णांनाच देता येतो.